पोरगा अकरावी सोडून आयटीआय करतो म्हणतो

ताई, तुमची अडचण मला समजली ती अशी. मुलाला दहावीत 61 टक्के पडले. सगळे मित्र सायन्सला गेले म्हणून त्यालाही अकरावी सायन्सला घातलं, सोबत ट्यूशन लावली. दिवाळीपासून तो कॉलेजला जायची टाळाटाळ करतो आणि हुडकेश्वर रोडवरच्या एका मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात जाऊन बसतो. ‘आयटीआय करतो, इलेक्ट्रिशियन होतो’ म्हणतो. त्याचे बाबा म्हणतात, बारावी झाल्याशिवाय नाव काढायचं नाही. मोठे दीर म्हणतात, आयटीआय म्हणजे नापासांची शाळा. दोघांच्या मध्ये तुम्ही अडकल्या आहात आणि विचारता, काय करू?

मी नागपुरात आयटीआयमध्ये शिल्प निदेशक, म्हणजे वर्कशॉपमधला शिक्षक, म्हणून वीजतंत्री म्हणजे इलेक्ट्रिशियनचा ट्रेड शिकवत आलो आहे. वर्कशॉपमध्ये उभी राहिलेली पोरं पाहिली, आणि जी इथे यायलाच नको होती तीही पाहिली. म्हणून आधी माझं मत सांगून टाकतो. तुमचा मुलगा म्हणतो ते बहुतेक बरोबर आहे. पण आज, डिसेंबरात, कॉलेजातून नाव काढायला माझा पूर्ण विरोध आहे. त्याने अकरावी चालू ठेवावी, एप्रिलची परीक्षा द्यावी, आणि दहावीचा निकाल लागून आयटीआयची प्रवेशप्रक्रिया सुरू झाली की दोन वर्षांच्या ट्रेडसाठी फॉर्म भरावा.

डिसेंबरात का नाही? कारण आयटीआयचे प्रवेश वर्षातून एकदाच होतात. दहावीच्या निकालानंतर ऑनलाइन फॉर्म, मग गुणवत्ता यादी, मग फेऱ्या, आणि वर्ग भरायला ऑगस्ट उजाडतो. आता नाव काढलं तर मधले सात-आठ महिने सोळा वर्षांचं पोरगं रिकामं. ते रिकामं राहत नाही, दुकानात पूर्णवेळ कामाला लागतं. मालक रोजचे दोनशे-तीनशे हातावर ठेवतो. त्या वयात स्वतःच्या कमाईचे पैसे खिशात आले की त्याची गोडी वेगळीच असते. जूनमध्ये तुम्ही ‘चल, फॉर्म भरू’ म्हणाल तेव्हा तो म्हणेल, आता कशाला आयटीआय, काम तर येतंच मला. अकरावी सोडलेल्या मुलांच्या बाबतीत हे मी सगळ्यात जास्त पाहिलं आहे. शाळा सुटण्याने झालं नसेल इतकं नुकसान या मधल्या महिन्यांनी केलं आहे.

आणि अकरावी पास असणं वाया जात नाही. पुढे कधी मन बदललं तर बारावीला परत बसता येतं. नाव काढलं, अकरावी अर्धी राहिली, तर मग 17 नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षा द्यायची वेळ येते. ती वाट बंद नाही, पण एकट्याने अभ्यास करून तीवरून जाणारे थोडे.

आता मुलाबद्दल. त्याला एकट्याला घेऊन बसा, बाबा घरात नसताना, आणि विचारा की कॉलेजात नेमकं काय होत नाही. ‘मन लागत नाही’ हे उत्तर धरू नका, त्याच्या खाली काहीतरी असतं. नागपुरात मला सगळ्यात जास्त सापडलेलं कारण भाषेचं आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम, आणि अकरावी सायन्सला सगळं एकदम इंग्रजीतून. पहिल्या महिन्यात पोरगं शब्द लिहून घेतं, दुसऱ्या महिन्यात फळ्याकडे नुसतं पाहतं, तिसऱ्या महिन्यात मागच्या बाकावर जातं. त्याला भौतिकशास्त्र अवघड जात नसतं, वाक्यच कळत नसतं. पण ते सांगायची लाज वाटते, म्हणून घरी म्हणतं, ‘माह्यानं फिजिक्स होत नाही.’ तुमचा मुलगा मराठी शाळेतला असेल आणि गोष्ट एवढीच असेल, तर उपाय वेगळा आहे. इंग्रजी सुधारून घेता येतं, शाखा बदलता येते, कॉलेजात सोय असेल तर द्विलक्ष्यी विषय घ्यायचं बघता येतं. द्विलक्ष्यीत इलेक्ट्रिकल मेंटेनन्ससारखा 200 मार्कांचा तांत्रिक विषय असतो, एक भाषा आणि एक विषय त्यामुळे कमी होतो, आणि बारावी सायन्स ती सायन्सच राहते. नागपुरातल्या बऱ्याच पालकांना हे माहीतच नसतं.

दुसरं कारण बघा, तो कॉलेजला जातो का ट्यूशनलाच. आपल्याकडे कितीतरी पोरांचं कॉलेज कागदावर असतं आणि सगळा दिवस ट्यूशनमध्ये जातो. तिथे नव्वद टक्केवाल्यांच्या वेगाने शिकवतात. 61 टक्केवाल्या मुलाला तिथे रोज सकाळ-संध्याकाळ आपण मागे आहोत हेच ऐकायला मिळतं. असं पोरगं पळून कुठे जाईल? जिथे कोणी ‘शाब्बास’ म्हणेल तिथे. रिवाइंडिंगच्या दुकानात त्याला ते मिळत असेल. ते मिळतंय म्हणूनच तो जातोय की त्याला मोटर खरंच आवडते आहे, हे आपल्याला शोधायचं आहे.

ते शोधायला त्या दुकानासारखी जागा नाही. एखाद्या रविवारी तुम्ही स्वतः तिथे जा, अर्धा तास बसा. जळालेली मोटर आली की चांगला कारागीर ती लगेच उघडून तार ओरबाडत नाही. आधी वही काढतो. खाचा किती, एका कॉइलमध्ये वेढे किती, कॉइल कोणत्या खाचेतून निघून कोणत्या खाचेत जाते, तार किती जाडीची, हे सगळं लिहितो. तारेवरचं एनॅमल जाळून ती मायक्रोमीटरने मोजतो. मग जुनी तार काढणं, खाचा साफ करणं, प्रत्येक खाचेत इन्सुलेशनचा कागद बसवणं, साच्यावर नव्या कॉइल गुंडाळणं, त्या खाचेत एकेक वेढा करत उतरवणं, जोडण्या, बांधणी, मेगरवर (इन्सुलेशन तपासायच्या मीटरवर) तपासणी, वार्निश, भट्टी. कुठेतरी एक वेढा चुकला किंवा तारेचा एनॅमल खरचटला, तर मोटर दोन महिन्यांत परत येते.

तुमच्या मुलाकडे बघा, की तो यातलं काय करतो. चहा आणतो, तांब्याचं भंगार वेगळं करतो, मोबाइल बघतो आणि गिऱ्हाइकाची मोटर स्कूटरवर पोचवतो, एवढंच असेल तर त्याला दुकान आवडलं आहे, काम आवडलेलं नाही. पण तो वही स्वतः लिहीत असेल, वेढे मोजताना मध्येच हाक मारली तर चिडत असेल, आणि ही मोटर का जळाली असा प्रश्न मालकाला विचारत असेल, तर ताई, त्या मुलाला बारावीच्या बाकावर जबरदस्तीने बसवणं पाप आहे असं मी म्हणेन. शिकण्याची भूक असलेलं पोरगं तुमच्या घरात आहे.

एक गोष्ट मात्र त्याला आत्ताच सांगा, नाहीतर इथे येऊन फसगत होईल. गणितापासून सुटका म्हणून आयटीआयला येत असेल तर येऊ नये. तीच खाचांची मोटर घ्या. खाचा 36, पोल चार, तीन फेज. एका पोलला खाचा किती आल्या? नऊ. एका पोलमध्ये एका फेजला किती? तीन. एका खाचेपासून दुसरीपर्यंत विद्युत अंश किती? दोन पोलचे 360, म्हणून चार पोलचे 720 अंश, भागिले 36, म्हणजे 20. पुढची फेज 120 अंशांवर सुरू व्हायला हवी, म्हणजे सहा खाचा सोडून. चार पोलच्या मोटरीतलं चुंबकीय क्षेत्र आपल्या 50 हर्ट्झवर मिनिटाला 1500 फेऱ्यांनी फिरतं, आणि पाटीवर 1440 लिहिलेलं असतं, ते का? हे मी पहिल्या वर्षाच्या पोरांना खडूने फरशीवर काढून दाखवतो. बारावीच्या पुस्तकाला घाबरलेली पोरं हे गणित मिटक्या मारत करतात, कारण उत्तर चुकलं तर मोटर फिरत नाही, हे त्यांना डोळ्यांनी दिसतं. पण करावं तर लागतं. आकडेमोड आणि ड्रॉइंग ट्रेडच्या आतच आहे. सध्याच्या अभ्यासक्रमात वर्षाच्या 1200 तासांपैकी 840 तास प्रात्यक्षिकाचे, बाकी थिअरी आणि रोजगार कौशल्यं. हजेरी 80 टक्के लागते. अकरावीसारखं ‘कॉलेज कागदावर’ इथे चालत नाही, सकाळी येऊन हजेरी द्यायची आणि वर्कशॉपमध्ये उभं राहायचं.

उभं राहायचं हे मी शब्दशः म्हणतो आहे. वीजतंत्रीच्या पोरांनाही सुरुवातीला फिटिंगचं काम करावं लागतं. लोखंडाचा तुकडा व्हाइसमध्ये धरून कानशीने घासायचा, चारही कडा काटकोनात यायला हव्यात. पोरगं तासभर घासतं, गुण्या (काटकोन तपासायचं साधन) लावून खिडकीच्या उजेडासमोर धरतं. गुण्या आणि लोखंडाच्या मधून उजेडाची रेघ दिसली की पुन्हा घासायचं. हातावर फोड येतात. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली नागपूरचं ऊन काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. पहिल्या तीन महिन्यांतच बऱ्याच पोरांचा उत्साह ओसरतो. जी टिकतात ती मात्र पुढे काहीही हातात घेतलं तरी टिकतात.

आता त्याच्या बाबांचा मुद्दा. ‘बारावी झालीच पाहिजे’ यात तथ्य आहे, ते हसण्यावारी नेऊ नका. पोलीस भरतीला बारावी लागते. डी.फार्म, बी.एस्सी. नर्सिंग, लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा, बी.एस्सी. या सगळ्यांना बारावी सायन्स लागते. लग्नाच्या बैठकीत ‘मुलगा किती शिकला’ हा प्रश्न येतो, आणि ‘बारावी नाही’ म्हटलं की समोरच्याचा चेहरा बदलतो, हेही खरं आहे. मुलाच्या मनात खाकी वर्दी असेल, किंवा दवाखान्याच्या बाजूचं कुठलंही काम असेल, तर त्याने बारावीच करावी, आणि रविवारी रिवाइंडिंग शिकावं. ही गोष्ट त्याला आत्ताच विचारून घ्या. दोन वर्षांनी भरतीची जाहिरात पाहून ‘अरे, मला तर पोलीस व्हायचं होतं’ म्हणणारी पोरं दर वर्षी भेटतात.

पण आयटीआय केलं म्हणजे बारावी कायमची गेली, असं बाबांना वाटत असेल तर ते तसं नाही. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड पूर्ण केलेल्या मुलांना आपल्या राज्य मंडळाची ‘ट्रान्सफर ऑफ क्रेडिट’ची सोय आहे. ट्रेडचे विषय धरले जातात, भाषेचे पेपर द्यायचे आणि बारावीचं प्रमाणपत्र मिळवायचं. नागपूरला विभागीय मंडळ आहे, तिथे किंवा आयटीआयच्या कार्यालयात याची चौकशी होते. फक्त एक ध्यानात ठेवा. ही सोय दोन वर्षांच्या ट्रेडच्या जोरावर आहे. वेल्डर, प्लंबर, कोपा (कॉम्प्युटर ऑपरेटरचा ट्रेड), डिझेल मेकॅनिक हे एक वर्षाचे ट्रेड. ते वाईट नाहीत, चांगला वेल्डर बुटीबोरीच्या एमआयडीसीत उपाशी राहत नाही. पण तुमच्या मुलाचं वय सोळा आहे. पुढे शिकायची वाट उघडी ठेवायची असेल तर वीजतंत्री, तारतंत्री (वायरमन), फिटर, मशिनिस्ट, टर्नर, इलेक्ट्रॉनिक मेकॅनिक यांसारखा दोन वर्षांचाच ट्रेड धरा.

पुढचा हिशेब मी बाबांसमोर कागदावर मांडला असता. दहावी अधिक दोन वर्षांचा आयटीआय झाला की तंत्रनिकेतनात थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशाला पात्र होतो. म्हणजे आणखी दोन वर्षांत डिप्लोमा. डिप्लोमा झाला की इंजिनियरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला, आणखी तीन वर्षं. दोन, दोन आणि तीन, सात वर्षं. बारावी करून इंजिनियर व्हायला दोन आणि चार, सहा वर्षं. फरक एका वर्षाचा! आणि त्या सात वर्षांत मध्ये कुठेही थांबलं तरी हातात पूर्ण काहीतरी असतं. दोन वर्षांवर थांबला तर कारागीर, चार वर्षांवर थांबला तर डिप्लोमाधारक. बारावी सायन्सला अर्ध्यात थांबलेल्याच्या हातात काय असतं, ते मी तुम्हाला सांगायची गरज नाही. सगळी पोरं इथपर्यंत जातात असं मी म्हणत नाही, फार थोडी जातात. सदरच्या शासकीय तंत्रनिकेतनात गेलेली माझी पोरं आहेत. पहिलं सहामाही त्यांना गणितासाठी जड जातं, प्रॅक्टिकलला मात्र वर्गातली बाकीची पोरं त्यांच्या मागे उभी असतात.

तुम्ही थेट तंत्रनिकेतनाबद्दल विचारलं नाही, पण विचारायला हवं होतं. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमाही असतो. 61 टक्क्यांना शासकीय तंत्रनिकेतनात हवी ती शाखा मिळणं अवघड, खाजगीत मिळेल, फी जास्त पडेल. तिथे थिअरी बरीच असते आणि बहुतेक इंग्रजीतून असते. भाषेमुळे अकरावीत अडकलेल्या मुलाला तिथे लगेच पाठवलं तर तेच दुखणं परत येतं. आधी दोन वर्षं मराठीतून हाताने शिकून मग गेला तर पाय टेकायला जमीन असते. त्यामुळे तुमच्या मुलासाठी मी आधी आयटीआय म्हणेन.

मोठ्या दिरांना मी काय सांगू? एके काळी शाळेत नापास झालेली पोरंच इकडे पाठवायचे, हे खरं आहे. आज श्रद्धानंद पेठेतल्या शासकीय आयटीआयला वीजतंत्रीची यादी लागते तेव्हा त्यांनी एकदा येऊन बघावी. 61 टक्क्यांना खुल्या प्रवर्गातून तिथे वीजतंत्री मिळेल याची मला खात्री देता येत नाही. म्हणून फॉर्म भरताना हिंगणा, कामठी, काटोल, सावनेर, उमरेड अशा तालुक्यांच्या शासकीय आयटीआयही पर्यायात टाकायच्या. आणि वीजतंत्रीच्या खाली तारतंत्री. लोक तारतंत्रीला कमी समजतात. घरगुती आणि कारखान्याची वायरिंग, पॅनेल, अर्थिंग हे काम दोघांनाही येतं, आणि महावितरणच्या विद्युत सहायकाच्या भरतीत वीजतंत्री आणि तारतंत्री दोन्ही चालतात. प्रवेश दहावीच्या गुणांवर होतो, हेही दिरांना सांगा. बारावी केल्याने त्या यादीत मुलगा एक पायरीही वर सरकत नाही.

काम मिळेल का, हा तुमचा खरा प्रश्न आहे आणि त्यावर मी गोड बोलणार नाही. नागपूर या बाबतीत नशीबवान शहर आहे. हिंगण्याला महिंद्राचा ट्रॅक्टर कारखाना, बुटीबोरीला सिएट, इंडोरामा, केईसी, मिहानमध्ये विमानांच्या देखभालीचं केंद्र आणि दसॉ-रिलायन्सचा कारखाना, अंबाझरीची आयुध निर्माणी, कोराडी आणि खापरखेड्याची वीज केंद्रं, वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफील्ड्सच्या) कोळसा खाणी, दोन-दोन रेल्वे विभाग, 2019 पासून मेट्रो. यातल्या प्रत्येक ठिकाणी वीजतंत्री लागतो. रेल्वेत सहायक लोको पायलट आणि टेक्निशियनच्या भरतीला दहावी अधिक आयटीआय चालतं. पण आयटीआय झाल्याबरोबर कंपनीच्या रोलवर, म्हणजे कायम नोकरीत, कोणी घेत नाही. बहुतेकांची सुरुवात ठेकेदाराकडे होते. बारा तासांची पाळी, ओव्हरटाइमचा घोळ, आणि घरी येऊन पोरगं म्हणतं, ‘याच्यापेक्षा दुकानात बरा होतो.’

या दोन-तीन वर्षांत हातात काय जमवायचं ते आधीच ठरवलेलं असलं पाहिजे. पहिली गोष्ट अप्रेंटिसशिप. आयटीआय संपल्यावर एक वर्षाची शिकाऊ उमेदवारी करून राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र घ्यायचंच. 2019 च्या नियमांत आयटीआय प्रमाणपत्रधारकाचं किमान विद्यावेतन महिन्याला 7000 ठरवलेलं होतं, म्हणजे पैसा फार नाही. ही उमेदवारी पैशासाठी करायचीच नसते. मोठ्या कारखान्यात एक वर्ष राहिलं की पॅनेल, ड्राइव्ह, पीएलसी अशी यंत्रं चालवणारी नियंत्रणं डोळ्यांसमोर येतात, जी कुठल्याच आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये तेवढी येत नाहीत, आणि पुष्कळ भरत्यांत या प्रमाणपत्राला वजन असतं. दुसरी गोष्ट शासनाचा तारतंत्री परवाना. स्वतःचं दुकान टाकायचं, सोसायट्यांची कामं घ्यायची, कंत्राटदाराचं लायसन्स काढायचं, तर तो लागतो.

याच ठिकाणी तुमच्या मुलाचा तो दुकानदार आठवावा. मी त्याला ओळखत नाही, पण त्याच्यासारखे अनेक ओळखतो. मानेवाड्याकडे एक कारागीर आहे. शाळा अर्ध्यात सुटलेली, लहानपणापासून वाइंडिंग. मोटरचा आवाज ऐकून बेअरिंग गेलं की फेज गेला ते सांगतो. आमच्या वर्कशॉपमधली अडलेली मोटरसुद्धा मी त्याला दाखवली आहे. पण भरतीचा फॉर्म त्याला कधी भरता आला नाही, कंत्राट स्वतःच्या नावावर घेता आलं नाही. दुसऱ्याच्या लायसन्सवर काम करतो आणि त्यातला वाटा देतो. उन्हाळ्यात कूलरच्या मोटरी आणि शेतकऱ्यांचे पंप येतात तोवर चार महिने श्वास घ्यायला वेळ नसतो, पावसाळ्यात दुकानात माशा. हुनर होतं, कागद नव्हता. तुमच्या मुलाने दुकानात शिकावं, भरपूर शिकावं, पण दुकानालाच शाळा समजू नये.

तुमच्या पत्रात धाकट्या मुलीचा उल्लेख आहे म्हणून एक जोडतो. आपल्या राज्यात आयटीआयच्या 30 टक्के जागा मुलींसाठी राखीव आहेत. माझ्या वर्गात आलेल्या मुली नोंदी आणि जोडणी या दोन्हीत मुलांपेक्षा नेटक्या असतात. तिची दहावी येईल तेव्हा ‘मुलीला काय करायचं वायरिंग’ म्हणून तो पर्याय घरात कोणी खोडू नये.

खाजगी आयटीआयच्या बाबतीत डोळे उघडे ठेवा. चांगल्याही आहेत. पण प्रवेशाआधी दोन गोष्टी बघा. त्या ट्रेडला केंद्राच्या प्रशिक्षण महासंचालनालयाची (डीजीटी) संलग्नता आहे का, नुसत्या संस्थेला असून चालत नाही. आणि वर्कशॉप उघडून दाखवायला सांगा. मोटरी, पॅनेल, मीटर यांच्यावर धूळ बसलेली असेल, किंवा ‘आज चावी नाही’ म्हणाले, तर तिथून निघा. ‘हजेरीचं टेन्शन घेऊ नका, परीक्षेला या’ असं कोणी म्हणालं तर अजून लवकर निघा. सहा महिन्यांत ‘इलेक्ट्रिकल डिप्लोमा’ देणारे क्लास गल्लोगल्ली आहेत. त्यांचा कागद भरतीत कोणी धरत नाही.

बाबांशी बोलताना ‘बारावी की आयटीआय’ असा वाद घालू नका, त्यात तुम्ही हराल आणि मुलगाही हरेल. त्यांना म्हणा, जूनपर्यंत अकरावी चालू आहे, ती पास व्हायचीच आहे, आणि मुलगा फक्त रविवारी दुकानात जाईल. मुलालाही हीच अट सांगा. जो पोरगा आवडत्या कामासाठी चार महिने नावडता अभ्यास ओढून नेतो, त्याच्याबद्दल बाबांचं मन आपोआप बदलतं. आणि चार महिन्यांत त्यानेच रविवारी जाणं सोडलं, तर तुम्हाला उत्तर मिळालं, तेही कुठलं वर्ष न गमावता. मग त्याने बारावी करावी आणि मनात काही खंत ठेवू नये. आयटीआयला वरच्या वयाची मर्यादा नाही. बारावीनंतरही येता येतं, माझ्याकडे दर वर्षी अशी पोरं येतात.

मार्च-एप्रिलमध्ये, सगळ्यांची धावपळ सुरू व्हायच्या आधी, कागद जमवा. दहावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास, लागू असेल तर जातीचा दाखला आणि नॉन-क्रीमीलेयर, उत्पन्नाचा दाखला, आधार, मुलाच्या नावाचं बँक खातं. नॉन-क्रीमीलेयर तहसीलमधून यायला वेळ लागतो आणि जूनमध्ये सेतूसमोर रांगा लागतात, म्हणून ते सगळ्यात आधी. अकरावीच्या कॉलेजमधून दाखला मात्र प्रवेश पक्का झाल्यावरच काढा, त्याआधी एक दिवसही नको.

फॉर्ममध्ये पर्याय भरताना मुलाला शेजारी बसवा, आणि सायबर कॅफेवाल्याला ‘भर दादा, जे मिळेल ते’ असं म्हणू नका. पहिल्या क्रमांकावर तेच टाका जे मिळालं तर तो नक्की जाईल. पहिला पर्याय मिळाला तर तो घ्यावाच लागतो, नाही घेतला तर पुढच्या फेऱ्यांतून नाव जातं. पहिल्यावर श्रद्धानंद पेठ वीजतंत्री, त्याखाली तारतंत्री, मग तालुक्याच्या आयटीआय. जी संस्था इतकी लांब आहे की रोजची बस पकडणं जमणार नाही, ती यादीत ठेवूच नका. हजेरी 80 टक्के लागते आणि पावसाळ्यात सकाळची बस चुकली की दिवस जातो. काही अडलं तर कुठल्याही शासकीय आयटीआयमध्ये जा, प्रवेशाच्या दिवसांत तिथे मार्गदर्शन आणि कागद तपासणीसाठी माणसं बसलेली असतात, आणि त्याचे पैसे पडत नाहीत.